अशर आणि अशरीन
(नभोवाणीवरील भाषण)



इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या मराठी घरांत बहुधा एखादी जुनी पेटी असते, आणि तिच्या तळाशी कापडी रुमालात बांधलेले मोडी कागद असतात. ते उलगडून पाहणाऱ्याला सनदेच्या किंवा पत्राच्या मजकुरात 'सु॥' अशी एक संक्षिप्त खूण आणि तिच्यापुढे काही चमत्कारिक शब्दांची माळ आढळते: 'सन इहिदे सितैन मया व अलफ'. मोडी सराईतपणे वाचणारा मनुष्यही येथे क्षणभर थबकतो. हे शब्द मराठी नव्हेत, संस्कृत नव्हेत, आणि पुष्कळांची समजूत असते त्याप्रमाणे फारसीही नव्हेत. ते अरबी भाषेतील संख्यावाचक शब्द आहेत. मराठी कारकुनांच्या लेखणीखाली शंभर दोनशे वर्षे घासून थोडे गुळगुळीत झालेले, इतकेच. त्यांचा अर्थ एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१. या आकड्यात ६०० मिळवले की १७६१ येतात. त्या वर्षाच्या १४ जानेवारीस पानिपतावर जे घडले ते याच सनात घडले.

या शब्दांविषयी आज बोलावेसे वाटले त्याला एक घरगुती कारण आहे, ते आधी सांगतो.

आमच्या घराण्याच्या दोन शाखा माळव्यात आहेत. दोन भावांपासून त्या निघाल्या. थोरला भाऊ होळकरांच्या लष्करात होता आणि २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या लढाईत पडला. धाकट्याच्या वंशात आम्ही. घरात एक सनद होती, ती थोरल्याच्या नावे एका मळ्याची. ती मात्र आमच्या, धाकट्या शाखेच्या पेटीत राहिलेली. माझ्या एका काकांना मोडी उत्तम येत असे. त्यांनी त्या सनदेवरील 'सन सलास अशर मयातैन व अलफ' ही अक्षरे वाचून सन १२२३, म्हणजे इसवी सन १८२२-२३, असा निर्णय दिला. महिदपुरास पडलेल्या मनुष्याला पाच वर्षांनी सनद कशी मिळेल? तेव्हा कागद बनावट, आणि मळा मूळचा आमचाच, असे आमच्या घरात ठरले. थोरल्या घरी ही वार्ता पोचली त्या दिवसापासून दोन घरांत पानसुपारीचा व्यवहार उरला नाही. पुढे इनामे खालसा झाली, मळा कोणाचाच राहिला नाही. राहिला तो कागद आणि अबोला.

काकांची चूक झाली होती ती एका प्रत्ययाची. ती कशी, हे कळण्यासाठी अरबी भाषा संख्या कशी बोलते ते थोडे पाहिले पाहिजे.

प्रथम या सनाविषयी दोन शब्द. याला शुहूर सन, सूर सन, अरबी सन किंवा मृगसाल अशी नावे आहेत. 'शुहूर' हे 'शहर' म्हणजे महिना या अरबी शब्दाचे अनेकवचन. हिजरी सनाचे वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचे. ते दरसाल ऋतूंच्या मागे अकरा दिवस सरकते, आणि शेतसारा तर पीक हाती आल्यावर वसूल करावयाचा. तेव्हा हिशेबाला सौर वर्ष हवे. म्हणून सूर्य मृग नक्षत्रात शिरतो त्या दिवशी, मेच्या अखेरीस वा जूनच्या आरंभी, सुरू होणारे हे वर्ष दक्षिणेत रूढ झाले. इसवी सन १३४४ मध्ये, हिजरी ७४५ चा आकडा तसाच घेऊन, ते सुरू झाले असे मानतात. तेथून दोन्ही सन फाकत गेले. पानिपतच्या दिवशी हिजरी सन ११७४ होता आणि शुहूर ११६१: चारशेंवर वर्षांत तेरा वर्षांचे अंतर पडले. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला शुहूर सनात ५९९ मिळवावे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००, म्हणजे इसवी सन येतो. गंमत अशी की याच कागदांत महिना आणि तिथी मात्र 'छ' या खुणेपुढे मुसलमानी चांद्रमासाची असते. वर्ष सूर्याचे, महिना चंद्राचा, लिपी मोडी, आकडे अरबी; आणि लिहिणारा बहुधा संध्या आटोपून दफ्तरात आलेला ब्राह्मण किंवा प्रभू कारकून!

आता भाषेकडे वळू. अरबी वैयाकरणांनी संख्यांचे चार वर्ग केले आहेत. एकापासून दहापर्यंत एकेरी शब्द, त्यांत शंभर आणि हजारही धरतात. वीस, तीस, चाळीस असे नव्वदपर्यंतचे दशक. एकवीस, बावीस यांसारखे, दोन शब्द 'व' म्हणजे 'आणि' याने जोडून झालेले. आणि अकरापासून एकोणीसपर्यंतचे, ज्यांना ते 'मुरक्कब' म्हणतात. मुरक्कब म्हणजे एकावर एक चढवून रचलेला, संयुक्त. आजच्या गोष्टीतील सारे मर्म या शेवटच्या वर्गात आहे.

मराठीत आपण 'अकरा' म्हणतो तेव्हा त्यात एक आणि दहा आहेत याचे भान कोणालाच नसते. संस्कृतातील 'एकादश' झिजून झिजून 'अकरा' झाला, सांधा पुसला गेला. अरबीत तसे झाले नाही. तेथे अकराला 'अहद अशर' म्हणतात: एक, दहा. दोन्ही शब्द शेजारी शेजारी स्पष्ट उभे आहेत, पण मध्ये 'व' नाही. (या शब्दांचा अंत्य अकार संस्कृताप्रमाणे पूर्ण उच्चारावा.) वैयाकरण म्हणतात, येथे 'व' पूर्वी होता, तो लोपला, पण त्याचा अर्थ आत राहिला, आणि त्याच्या लोपाची खूण म्हणून दोन्ही शब्दांचा शेवट अकारावर कायमचा बांधला गेला. अरबीत नामाचा अंत्य स्वर विभक्तीप्रमाणे बदलतो, कर्ता असता उकार, कर्म असता अकार, षष्ठीत इकार. पण अकरा आणि तेरा ते एकोणीस या संख्या कोणत्याही विभक्तीत ठेवा, त्या हलत नाहीत. बारा तेवढा अपवाद. कारण त्यातला 'दोन' द्विवचनी आहे आणि तो आपले रूप बदलतो.

ज्यांनी संस्कृत व्याकरण थोडेफार पढले आहे त्यांना यात परके काही वाटणार नाही. 'एक आणि दहा' यांतला 'आणि' गेला आणि समास झाला. आपण याला द्वंद्व म्हणतो. बगदाद-बसऱ्याच्या पंडितांनी आणि आपल्या वैयाकरणांनी एकच गोष्ट दोन ठिकाणी पाहिली, आणि दोघांनीही तिचे कारण म्हणून लुप्त 'च'कडेच बोट दाखवले. मला स्वतःला हे साम्य फार सुखावून जाते.

एकवीसपासून मात्र 'व' आलाच पाहिजे. 'अहद व इश्रून', एक आणि वीस. येथे एकक आधी, दशक नंतर. आपल्या एकवीस, बावीस, तेवीस यांत आहे तोच क्रम. फरक एकोणिसाला पडतो. आपण एकोणीस म्हणतो म्हणजे वीसात एक उणा: पुढच्या दशकाच्या उंबरठ्यावरून मागे वळून पाहतो. अरबी मनुष्य पाहत नाही. तो सरळ 'नऊ दहा' म्हणतो, आणि एकोणतीस असेल तर 'नऊ आणि वीस'. अरबीत वजाबाकी नाही, सारी बेरीजच.

लिंगाचा नियम मोठा मजेचा आहे. तीनपासून दहापर्यंतची संख्या मोजल्या जाणाऱ्या नामाच्या नेमकी उलट्या लिंगात येते. मुलगे असतील तर 'सलासत अब्ना', येथे 'तीन' स्त्रीलिंगी. मुली असतील तर 'सलास बनात', येथे 'तीन' पुल्लिंगी रूपाचा. तेरा ते एकोणीसमध्ये याहून कौतुक: त्यातला एकक उलटा चालतो आणि दहा सुलटा. तेरा मुलगे 'सलासत अशर', तेरा मुली 'सलास अश्रत'. जोडीतला एक नामाशी भांडतो आणि दुसरा त्याच्याशी जुळवून घेतो. असे का, यावर अरबी पंडितांनी पुष्कळ शाई खर्ची घातली आहे. शिकणाऱ्याने ते पाठ करावे, हाच त्यातल्या त्यात सोपा मार्ग.

वचनाचा नियमही सांगून टाकतो. तीन ते दहा असता नाम अनेकवचनी: 'खम्सत दराहिम', पाच दिरहम. अकरा ते नव्याण्णव असता नाम एकवचनी: 'खम्सत अशर दिरहमन', पंधरा दिरहम. शंभर-हजारालाही एकवचनच. पंधरा म्हटले की बाहुल्य सांगून झाले, नामाने पुन्हा ते कशाला सांगावे, असा काहीसा न्याय दिसतो. आपल्याकडेही लग्नघरी स्वयंपाकी 'पन्नास माणूस जेवायला आहे' असेच म्हणतो. 'माणसे' म्हणत नाही.

आता मोडी कागदांतील शब्द या प्रकाशात पाहा. एक ते दहा असे: इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा, अशर. दशक असे: अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन. शंभर मया, दोनशे मयातैन, हजार अलफ. इतक्या एकवीस शब्दांत पेशवाईचे सारे दफ्तर बसते.

यांतला 'इहिदे' पुल्लिंगी 'अहद' नव्हे. तो 'इह्दा', एकचे स्त्रीलिंगी रूप आहे. का? तर अरबीत 'सन', म्हणजे 'सनत', हा वर्षवाचक शब्द स्त्रीलिंगी. आणि सलास, खमस, सीत ही रूपे मात्र पुल्लिंगी, कारण तीनपासून पुढे उलटा नियम लागतो. म्हणजे ज्याने हा सन लिहिण्याची रीत प्रथम घालून दिली तो कोणी अर्धवट मुनशी नव्हता. त्याला अरबी व्याकरण नीट येत होते. पुढे मराठी कारकुनांच्या हाती नियम सैल झाले. स्त्रीलिंगी वर्षाला तेरा म्हणताना शुद्ध अरबीत 'सलास अश्रत' हवे. आपल्या कागदांत सर्रास 'सलास अशर' आहे.

दुसरी खूण 'ईन' या प्रत्ययाची. अरबीत वीस कर्त्याच्या जागी 'इश्रून' आणि इतरत्र 'इश्रीन'. 'अमुक वर्षी' म्हणताना संख्या षष्ठीत जाते, म्हणून कागदांत नेहमी 'अशरीन', 'सलासीन'. 'ऊन' असलेले रूप येत नाही. अरबीची षष्ठी विभक्ती अशी मोडी लिपीत गोठून बसली आहे, आणि लिहिणाऱ्याला तिची वार्ताही नव्हती. मग अर्बैन, सबैन, तिसैन यांत 'ऐन' कोठून आला? या तीन शब्दांच्या अखेरीस अरबीत 'ऐन' नावाचे कंठातून निघणारे एक व्यंजन आहे. आपल्या जिभेला ते येत नाही; त्याच्या जागी अकार राहिला आणि 'ईन'शी मिळून 'ऐन' झाला. खमस आणि सीत यांत तसे व्यंजन नाही, तरी खमसैन, सितैन झालेच. शेजाऱ्यांचे पाहून त्यांनी तसे केले असावे, असा माझा तर्क आहे.

'मयातैन'मधला 'ऐन' मात्र सर्वस्वी निराळा. तो द्विवचनाचा प्रत्यय: दोन शेकडे. म्हणजे 'सीत'चे 'सितैन' झाले की सहाचे दसपट साठ होतात, आणि 'मया'चे 'मयातैन' झाले की शंभराचे दुप्पट दोनशे. कानाला दोन्ही सारखेच. अरबी जाणणाऱ्याला यात घोटाळा नाही. न जाणणाऱ्याने निदान ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून घोकावी.

आणि आता मुख्य गोष्ट. अरबीत ११६१ हे वर्ष पूर्ण लिहावयाचे तर 'सनत इह्दा व सित्तीन व मिअत व अल्फ', तीन वेळा 'व'. १२१३ लिहावयाचे तर 'सलास अश्रत व मिअतैन व अल्फ'. तीन आणि दहा यांच्यामध्ये 'व' नाही, कारण तो मुरक्कब. म्हणजे 'व' आहे की नाही एवढ्यावरूनच ऐकणाऱ्याला तेरा आणि तेवीस यांचा भेद निम्मा कळून जातो. उरलेला निम्मा 'ईन' सांगतो. भाषेने एका भेदाला दोन पहारेकरी ठेवले होते. मराठी दफ्तरात लेखनाच्या घाईने सगळे 'व' गळाले आणि अलफच्या आधीचा तेवढा एक उरला. 'इहिदे सितैन' यात 'व' नाही आणि 'सलास अशर' यातही नाही. एक पहारेकरी गेला. सारा भार उरलेल्या 'ईन'वर पडला.

त्या एका प्रत्ययावर किती अवलंबून असते ते पाहा. 'सीत मया व अलफ' म्हणजे ११०६, इसवी १७०५-०६: औरंगजेब अजून जिवंत, ताराबाई त्याच्याशी झुंजत आहेत. 'सितैन मया व अलफ' म्हणजे ११६०, इसवी १७५९-६०: उदगीरची लढाई, भाऊसाहेब उत्तरेस निघण्याच्या तयारीत. अंतर चोपन्न वर्षांचे. शिवछत्रपतींचे निर्वाण ३ एप्रिल १६८० रोजी झाले, तो सन 'समानीन व अलफ', १०८०. त्यातला 'ईन' वाचताना गाळा, १००८ होतात. म्हणजे शहाजीराजांचेही बालपण. इतकी मोठी चूक कोणीही लगेच ओळखील. परंतु 'अशर' आणि 'अशरीन' यांची चूक दहाच वर्षांची असते, आणि दहा वर्षांची चूक खऱ्यासारखी दिसते. म्हणून ती अधिक वाईट.

येथे गणिताकडे थोडे वळतो, कारण 'मुरक्कब' हा शब्द अरबी गणितातही आहे आणि तेथे त्याचा अर्थ किंचित वेगळा आहे. जुन्या अंकगणितात संख्यांचे दोन भेद करीत: 'मुफ्रद' म्हणजे एकेरी आणि 'मुरक्कब' म्हणजे संयुक्त. जिच्यात एकाच स्थानी अंक आहे ती मुफ्रद: ५, ५०, ५००. जिच्यात दोन किंवा अधिक स्थानी अंक आहेत ती मुरक्कब: १५, ६१, २१३. बहाउद्दीन आमिली (१५४७-१६२१) यांचा 'खुलासतुल हिसाब' हा ग्रंथ हिंदुस्थानातील मदरशांत पिढ्यान्‌पिढ्या पढवला गेला. त्यात गुणाकाराचे प्रकार याच भेदावर लावले आहेत. मुफ्रदाला मुफ्रदाने गुणणे, मुफ्रदाला मुरक्कबाने, आणि मुरक्कबाला मुरक्कबाने. पंधराला तेराने गुणावयाचे तर दोन्ही संख्यांचे सांधे उकलावे: दहा दाहे शंभर, दहा त्रिक तीस, पाच दाहे पन्नास, पाच त्रिक पंधरा, बेरीज १९५. ज्याच्या भाषेतच पंधरा हा 'पाच दहा' असा उघडा बोलला जातो त्या मुलाला हा सांधा शिकवावा लागत नाही. आपल्या मुलाला 'पंधरा'मध्ये पाच कोठे आहेत ते दाखवावे लागते. त्या बदल्यात आपल्या मुलाने पाढे पाठ केलेले असतात, हा आपला उपाय.

त्या पाढ्यांतही एक जुनी खूण आहे. आपल्या आजोबांच्या तोंडी 'पंधरा साते पाचोदरसे', 'सोळा साते बारोदरसे' असे असे. पाचोदरसे म्हणजे पंचोत्तर शत, शंभरावर पाच. बारोदरसे म्हणजे शंभरावर बारा. आधी लहान, मग मोठे. 'खमस मया' हा अरबी क्रम आणि 'पाचोदरसे' हा मराठी क्रम एकच. आज 'एकशे पाच' म्हणताना आपण तो उलटवला आहे. अरबांनीही पुढे तसेच केले. आता तेथे वर्ष सांगताना हजार प्रथम येतो, मग शतक. पण शेवटची जोडी मात्र अजून 'एक आणि साठ' अशीच बोलतात, आपण 'एकसष्ट' म्हणतो तशी.

अंक लिहिण्याची रीत तर त्यांनी हिंदुस्थानातूनच नेली आणि ते कधी लपवलेही नाही. इसवी सन ८२५ च्या सुमारास बगदादेत अल्‌ख्वारिज्मी याने हिंदी अंकगणितावर पुस्तक लिहिले. अरबी लोक आजही आपल्या अंकांना 'हिंदी अंक' म्हणतात. त्यांची लिपी उजवीकडून डावीकडे चालते, पण संख्येत एककाचे स्थान आपल्यासारखे उजवीकडेच. म्हणून उजवीकडून येणाऱ्या डोळ्याला प्रथम एकक भेटतो, मग दशक, मग शतक: 'इह्दा व सित्तीन व मिअत व अल्फ' या उच्चाराच्याच क्रमाने. अंकांची गती डावीकडे असते असे आपले जुने ज्योतिषी म्हणत. अरबी लिपीत ती गती वाचनाच्याच दिशेने वाहते.

एक सावधगिरीची सूचना येथेच देतो, कारण शाळेतल्या मुलांचा यात गोंधळ होईल. शाळेच्या गणितात आपण 'संयुक्त संख्या' म्हणतो ती निराळी: जिला एक आणि ती स्वतः याखेरीज दुसरा विभाजक आहे ती. त्या अर्थाने ११, १३, १७, १९ या मुळीच संयुक्त नाहीत, मूळ संख्या आहेत. अरबी व्याकरणात आणि जुन्या अरबी गणितात मात्र चारही मुरक्कब. उलट वीस ही शाळेत संयुक्त, चार पंचे वीस. पण अरबी गणितात ती मुफ्रद. आणि ६१ पाहा: शाळेत मूळ, जुन्या गणितात मुरक्कब, व्याकरणात मुरक्कब नव्हे, कारण मध्ये 'व' आला. आजच्या अरबी गणितात तर 'मुरक्कब' हा शब्द आपण जिला संमिश्र संख्या म्हणतो तिलाही लावतात. शब्द एक, घरे चार.

आता पुन्हा आमच्या पेटीकडे. मी शाळेत असताना आम्हाला उर्दू-फारसी शिकवायला एक वृद्ध मौलवीसाहेब होते. एकदा वर्गात त्यांनी सहज फळ्यावर अरबी संख्या लिहिल्या. 'सलास अशर' हे शब्द ऐकताच मी दचकलो. घरी या दोन शब्दांवरून काय काय झाले ते मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. मी विचारले, सलास अशर म्हणजे तेवीस ना? ते हसले. म्हणाले, बेटा, 'ईन' कोठे आहे? ईन नाही तर दशक नाही, हे तेरा.

घरी येऊन काकांना हे सांगण्याचे धैर्य मला आठ दिवस झाले नाही. सांगितले तेव्हा ते रागावले नाहीत. नुसते 'त्यांना घेऊन ये' म्हणाले. मौलवीसाहेब एका रविवारी आले. काकांनी रुमाल सोडला. सनद पाहून मौलवीसाहेबांना मोडी वाचता येईना, आणि काकांना अरबी कळेना. तेव्हा काका अक्षर अक्षर मोठ्याने वाचीत आणि मौलवीसाहेब अर्थ सांगत, असे चालले. सलास, तीन. अशर, दहा. मयातैन, दोनशे. व अलफ, आणि हजार. १२१३, म्हणजे इसवी १८१२-१३. यशवंतराव होळकर १८११ च्या ऑक्टोबरात वारले, त्यानंतरचा हा काळ. महिदपूरला अजून चार-पाच वर्षे होती. सनद ज्याच्या नावे होती तो मनुष्य तेव्हा जिवंत होता.

काका म्हणाले, त्याच रुमालात 'सलास अशरीन' असलेला एक कागद पूर्वी वाचला होता. 'अशर' हे त्याचेच तोकडे लेखन असावे असे धरून चाललो. मौलवीसाहेबांनी चहा घेतला आणि ते गेले. त्या रात्री काकांनी रुमालातील सर्व कागदांची आपली जुनी यादी काढली आणि एकेक सन पुन्हा वाचला. सात ठिकाणी त्यांनी लाल शाईने आकडा खोडून दहा वर्षे मागे नेला. एका कागदावर 'समान अशर' होते, ते त्यांनी मला वाचायला दिले. मी अठरा म्हटले, आणि १२१८ मध्ये ५९९ मिळवून १८१७ केले. खडकीची लढाई याच सनातली, त्या वर्षीच्या ५ नोव्हेंबरची.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सनद एका स्वच्छ धोतराच्या तुकड्यात बांधून, डोक्यावर टोपी घालून काका थोरल्या घराकडे गेले. दुपारचे जेवण टळून गेले तरी आले नाहीत. आले तेव्हा हातात सनद नव्हती, आणि ओठ विड्याने रंगले होते.